साउ आजीच्या घरातलं पहिलं पाऊल

“हे मी सांगितलं तर कुणी म्हणून विश्वास ठेवणार नाही,” मी पाय लांब करत म्हणालो, “पण एका अख्ख्या वाडीचं वर्षभराचं नशीब एकदा या दोन पायांवर उभं होतं.”

गच्चीवरची उन्हं उतरली होती. शेजारचे निमकर, निवृत्त पोस्टमास्तर, माझ्या पायांकडे असे बघायला लागले, जसं काही चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सलच. त्यांची नवी सून मुक्ता वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. आमची इंदू मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. माझी गोष्ट सुरू झाली की मान वर करायची नसते, एवढं ती संसारात शिकली आहे.

“या पायांवर?” मुक्ता म्हणाली. “काका, परवा याच पायांनी तुम्ही आमची लोणच्याची बरणी पाडलीत.”

“बरणी आपणहून पडली. मी नुसता शेजारून चाललो होतो.”

“वाडी कुठली?” निमकरांनी विचारलं. “नरसोबाची?”

“व्हिएतनाममधली.”

“झालं,” निमकर म्हणाले. “सूनबाई, खुर्ची आण. आता हे काही लवकर उठत नाहीत.”

मध्य व्हिएतनाममध्ये होई आन म्हणून एक जुनं बंदर आहे. त्याच्या अलीकडे नदी समुद्राला मिळते, तिथं कोळ्यांची वाडी, आणि वाडीत साउ आजीचं घर. पन्नाशी उलटल्यावर मी तिकडच्या एका शाळेत गणित शिकवायला गेलो. कुरुंदवाडचं वडिलोपार्जित घर सोडून जिकडे नेतील तिकडे जायची आमची तयारी होती. जितकं लांब तितकं बरं. साउ आजीच्या घराची माडीवरची खोली आम्ही दोघांनी भाड्यानं घेतली. खोलीचा जिना बाहेरून, अंगणातून. सगळा घोटाळा त्या जिन्यानं केला.

शिकवणं म्हणाल तर ते दुपारच्या आत आटपायचं. उरलेला दिवस मी जो काही उपभोगला, तसा आमच्या सात पिढ्यांत कुणी उपभोगला नसेल. सुट्टीच्या सकाळी नदीकाठी कॉफी. बसायचं स्टूल म्हणजे आपल्या पाटापेक्षा चार बोटं उंच. गुडघे कानाला लागतात. पेल्यावर पत्र्याची गाळणी ठेवलेली, तिच्यातून काळी कॉफी थेंब थेंब खालच्या घट्ट गोड दुधावर पडते. थेंब पडतोय, आपण बघतोय. पेला भरेपर्यंत माणसाला आपल्या सगळ्या चुका आठवून, त्या माफ करून, वर एक डुलकी काढता येते. डोक्यावर झाडाला पिंजरे टांगलेले आणि पिंजऱ्यांत बुलबुल. आपल्याकडचाच, तुरेवाला, गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल. म्हातारे आपापला पक्षी घेऊन येतात आणि कुणाचा जास्त गातो यावरून भांडतात. खाली बुद्धिबळाचे पट मांडलेले. त्यांच्या पटाच्या मधून एक नदी वाहते, आणि हत्तीनं ती नदी ओलांडायची नाही असा नियम. मी पहिल्याच दिवशी हत्ती नदीपार नेला. म्हातारे इतके हसले, इतके हसले, की पिंजऱ्यातल्या बुलबुलांनी गाणं थांबवून चौकशी केली.

“गणिताचे मास्तर आणि हत्ती चुकला?” निमकर म्हणाले.

“हत्ती उत्तम पोहतो हो. नियमच चुकीचा आहे. मी तसं त्यांना सांगितलंसुद्धा.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठीत. तेव्हापासून तिथं मला मान होता.”

दुपारी जेवणं झाली की सगळी वाडी झोपायची. झोपायची म्हणजे दुकानदार गल्ल्यावर डोकं ठेवून, न्हावी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आणि सायकलरिक्षावाला स्वतःच्याच रिक्षात पाय वर करून. त्या वेळेला चोरही यायचे नाहीत, कारण तेही झोपलेले असायचे.

आता साउ आजी. साउ म्हणजे सहा. तिकडे मुलांना जन्माच्या क्रमानं हाक मारतात. पण ही आईची पाचवी. थोरल्याला नजर लागू नये म्हणून त्याला ‘दोन’ म्हणायचं आणि तिथून पुढे मोजायचं. हे कळलं तेव्हा माझ्यातल्या गणिताच्या मास्तरानं तिला मनोमन नमस्कार केला. सत्तरी ओलांडलेली, काटक, नवरा समुद्रात गेलेला, दिवसभर पान चघळायची. मुलगा तुआन मासेमारी करायचा. सून लिएन होई आनच्या बाजारात शिवणकाम करायची आणि प्रवाशांशी बोलून बोलून फर्डं इंग्रजी शिकलेली. घरातलं सगळं बोलणं ती मला इंग्रजीत करून द्यायची, मी ते तुम्हाला मराठीत करून देतोय. वाटेत जे सांडलं असेल त्याला मी जबाबदार नाही. मला ती सगळी ‘थाय’ म्हणायची, म्हणजे गुरुजी.

त्यांचं नवं वर्ष, टेट, आपली संक्रांत होऊन रथसप्तमी यायची असते त्या सुमाराला येतं. आम्हाला तिथं जाऊन पाच-सहा महिनेच झालेले. टेटच्या आदल्या दिवशी साउ आजीनं निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या वाडग्यातून साखरेत घोळवलेलं आलं वर पाठवलं. आता रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली रीत, आणि रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे, वाडग्यात तिळाचे लाडू रचले—

“वीस होते,” इंदू मेथीकडे बघत म्हणाली.

“तीस होते.”

“वीस. तीळच तेवढे होते.”

वीस तर वीस. मी जिना उतरलो. खालचं दार सताड उघडं. आत घरातली सगळी मंडळी नवे कपडे घालून दाराकडे डोळे लावून उभी. मला वाटलं, काय हे अगत्य! चपला काढल्या, उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं आणि दोन्ही हातांनी वाडगा पुढे करून म्हटलं, “तिळगूळ घ्या, गोड बोला!”

गोड काय, कुणी काहीच बोललं नाही. आजीच्या तोंडातलं पान जागच्या जागी थांबलं. लिएननं तोंडावर हात ठेवला. तुआन माझ्या पायांकडे बघत होता. आणि तेवढ्यात अंगणात एक स्कूटर येऊन थांबली. तिच्यावरून विन्ह शेठ उतरले. हा वाडीतला सगळ्यांत भरभराटीचा माणूस. माशांच्या सॉसची पिंपंच्या पिंपं विकणारा, पोट असं की आधी ते यायचं, मग शेठ. कोट घातलेला, हातात लाल कागदात बांधलेली भेट. त्यांनी दारातून मला बघितलं, आजीला बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, असा खुलला, की वार्षिक परीक्षेत शेवटचा पेपर रद्द झालेलं पोरही तेवढं खुलत नाही. मला वाकून नमस्कार केला, भेट दारात ठेवली आणि स्कूटरवर बसून गेले.

“म्हणजे?” मुक्तानं विचारलं.

मीही तेच विचारत होतो. पण टेटच्या पहिल्या दिवशी रागवायचं नाही, वाईट शब्द काढायचा नाही, केरसुणीला हात लावायचा नाही. तेव्हा ती मंडळी माझ्याकडे बघून नुसती हसत राहिली. मुक्ता, शिव्या परवडतात गं. एका ओळीत उभं राहून सात माणसं हसायला लागली, की घाम फुटतो. आजीनं मला बसवलं, चहा दिला, लाडू खाल्ला. लाडू तिच्या दातांना चिकटला तर तीही हसली. मी वर आलो.

थोड्या वेळानं लिएन जिना चढून आली.

“थाय, तुम्ही सुट्टीत कुठं गेला नाहीत?”

“नाही.”

“सगळे परदेशी मास्तर टेटला फिरायला जातात. आम्हाला वाटलं तुम्हीही काल रात्रीच गेलात.”

“गेलो नाही. का गं?”

ती दारातच बसली. म्हणाली, “आमच्याकडे नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याचा गुण घराला वर्षभर लागतो. म्हणून आम्ही माणूस ठरवून बोलावतो. त्याचं जन्मवर्ष बघतो, धंदा बघतो, स्वभाव बघतो. तो येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही आत घेत नाही. विन्ह शेठना दोन महिने आधी सांगितलं होतं.”

“पायगुण!” मी म्हणालो.

“तुमच्याकडेही असतो?”

“आमच्याकडे त्याचं बारमाही पीक येतं. पण मग ते शेठ एवढे खूश कशानं झाले?”

“कोण खूश होणार नाही? वर्ष वाईट गेलं की सगळे पहिल्या पावलावर बोट ठेवतात. ते सुटले.”

म्हणजे अडकलं कोण ते कळलं. लिएननं मग बाकीचंही सांगितलं. टेटच्या चौथ्या दिवशी नदीत होड्यांची शर्यत असते. ही वाडी आणि पलीकडची वाडी. आपल्या होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, तुआन. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी आजा. शर्यत जिंकेल त्या वाडीला वर्षभर मासा भरपूर, असं ते मानतात. आणि तुआन लागोपाठ दोन वर्षं हरला होता. वाडीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, यंदा हरलास तर सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाईल.

“पहिल्यांदा हरला, त्या वर्षी घरात कुणाचं पाऊल होतं?” मी विचारलं.

लिएन म्हणाली, “तुआनची मावसबहीण. विधवा आहे. काडेपेटी मागायला आली बिचारी, लक्षातच आलं नाही कुणाच्या. आता ती जवळच्या शहरात, डा नांगला असते. टेटला येत नाही.”

“येऊ नको म्हणालात?”

“छे! तसं कोण म्हणेल? ‘ये’ म्हणायचं राहून गेलं.”

इंदूनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि उठली. “चहा टाकते,” म्हणाली आणि खाली गेली.

तर लिएन गेल्यावर मी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं. कारण या पायांना आमच्या कुरुंदवाडच्या घरानं आधीच एक सर्टिफिकेट देऊन ठेवलं होतं, आणि ते काही शुभ नव्हतं. एवढा समुद्र ओलांडून आलो, तर हे पाय बरोबर आलेच! मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, या घराचं हे वर्ष वाईट जाऊ द्यायचं नाही. नशीब आपोआप येत नसेल तर हातानं बनवायचं.

पहिलं काम झाडाचं. आजीच्या अंगणात मोठ्या कुंडीत पिवळ्या फुलांचं एक झाड होतं. त्याला टेटमध्ये फुलं यायलाच हवीत. फुललं तर घर फुललं. आणि ते बेटं परीक्षेच्या हॉलमधल्या पोरासारखं तोंड मिटून उभं होतं. कळ्या गच्च. आजी दर तासाला येऊन कळ्यांकडे बघायची, मग जिन्याकडे बघायची. मी वरून बघायचो.

दुपारी वाडी झोपली. मी थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन चोरपावलांनी खाली उतरलो. हे मात्र मी माझ्या स्वतःच्या हातांनी केलं. एक थर्मास मुळाशी. वर जाऊन दुसरा. मग तिसरा. कॉफीच्या अड्ड्यावरचे म्हातारे म्हणायचे की कोमट पाण्यानं कळी फसते, तिला वाटतं उन्हाळा आला. मधून मी फांद्यांवर फुंकरही घालत होतो. आजी ओसरीवरच्या झोळीत डोळे मिटून पडलेली. तिच्या बाजूला मांजर. मांजर जागं होतं, पण त्यानं बातमी फोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड असं फुललं होतं की पान दिसेना!

“कोमट पाण्यानं?” निमकर म्हणाले. “एका रात्रीत?”

“शेजारच्या झाडानंही फुलं काढली, निमकर. त्याला तर मी नुसतं नजरेनं दटावलं होतं.”

आजी खूश. मला खाली बोलावून चिकट भाताचा तो केळीच्या पानात बांधून शिजवतात तो लांबोडका खाऊ खायला घातला. मला वाटलं, जिंकलो. पण पाय ते पाय. तिसऱ्या दिवशी तुआन जिना चढून आला. एकटा. त्याला इंग्रजी येत नसे, मला त्याची भाषा कॉफी मागण्यापुरती. तरी त्याचा चेहरा बघून मला सगळं कळलं. मागून लिएन आली.

“थाय, हुंग आजारी पडला.”

हुंग म्हणजे होडीत पाणी उपसणारा. शर्यतीत होडी इतकी भरलेली असते की लाटेचं पाणी आत येतंच. एक माणूस फक्त ते बाहेर टाकायला बसतो. अंगानं हलका लागतो.

“काय झालं त्याला?”

“आजीनं त्याला तुमचे लाडू दिले. एक खा म्हणाली, त्यानं वाडगा संपवला. सकाळपासून पोट धरून बसलाय. वाडी म्हणते…” लिएन अडखळली.

“बोल गं.”

“वाडी म्हणते, पाऊल तुमचं, लाडू तुमचे. आता जागाही तुम्ही भरा. तुम्ही हलके आहात. पाणी उपसता येतं का?”

“मी कुरुंदवाडच्या घरात जन्मलो, बाई,” मी म्हणालो. “कृष्णा आणि पंचगंगा दोघी आमच्या माजघरात येऊन जातात. पाणी बाहेर काढणं हेच आमचं बालपण.”

ती हे तुआनला काय म्हणून सांगती झाली कोण जाणे. त्यानं माझे दंड चाचपले, निराश झाला, आणि हो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी नदीच्या दोन्ही काठांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. झेंडे, ढोल, ऊसाचा रस, खांद्यावर बसलेली पोरं. होडी लांबलचक, सापासारखी, आणि नाकाडावर दोन डोळे रंगवलेले. त्या होड्यांना वाट दिसावी म्हणून डोळे काढतात. मी तळाशी पत्र्याचा डबा घेऊन बसलो. माझ्या समोर सगळ्या पाठीच पाठी, आणि मागे सुकाणूवर तुआन. काठावर साउ आजी सगळ्यांत पुढे उभी, पान न चघळता. आणि मागं नारळाच्या झाडाआड इंदू. पदर तोंडाशी धरलेला. ती पाण्याकडे बघतच नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

ढोल वाजला.

जाताना आम्ही बरोबरीनं गेलो. वळसा घालायच्या खांबापाशी पलीकडच्या वाडीनं आत मुसंडी मारली आणि आमच्यावर अशी लाट टाकली की मला तळ दिसेना. होडी जड झाली. वल्ही चिखलात घातल्यासारखी चालायला लागली. ते एक होडीभर पुढे. तुआन ओरडत होता. मी एकदा काठाकडे बघितलं. झाडाआडची ती तशीच, मान खाली.

मग मी उपसायला लागलो. आता इथं तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी डबा दिसेनासा केला. महापुराच्या साली तीन मजले उपसलेला माणूस मी! पाणी बाहेर पडायचं आणि नदीला परत मिळायच्या आत मी पुढचं टाकायचो. होडीमागे एक कारंजंच उभं राहिलं. त्या कारंज्याच्या रेट्यानं होडी पुढे जायला लागली. वल्हेकरी वल्ही थांबवून बघायला लागले. होडी हलकी झाली, आणखी हलकी झाली, आणि शेवटच्या टप्प्यात ती पाण्यावरून उडाली.

“उडाली,” निमकर म्हणाले.

“हातभर. जास्त सांगणार नाही.”

“आणि ते नाकाडावरचे डोळे?”

“वाऱ्यानं पाणी आलं होतं डोळ्यांत. पुसायला वेळ नव्हता.”

आम्ही एका नाकाडानं जिंकलो. वाडीनं असा काही कल्ला केला म्हणे, की समुद्रातल्या बोटींनी भोंगे वाजवले. मला ऐकू आलं नाही. मी काठाकडे बघत होतो. इंदू झाडाला टेकून मटकन खाली बसली होती. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि तिथंच उभा राहून रडलो. लहान पोरासारखा. तुआन मला खांद्यावर घ्यायला आला होता, तो बिचारा तसाच उभा राहिला.

दुपारी जेवणानंतर आजीनं आम्हाला अंगणात बोलावलं. त्या दिवशी वाडी झोपली नाही, बाहेर गाणी चालली होती. आजी झोळीत बसली. तिनं लिएनला मधे बसवलं.

“जिंकल्यावर रडायचं कारण काय?” तिनं विचारलं. “आणि पहिल्या दिवसापासून हे असं चोरासारखं जिना उतरायचं कारण काय? झाडाला पाणी घातलंत ते मी बघितलंय. मी डोळे मिटते, झोपत नाही.”

सांगायचं नव्हतं, पण आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? मग सांगितलं. “आजी, मी कुरुंदवाडच्या घरात पाऊल टाकलं आणि महिन्याच्या आत आमचा तेलाचा घाणा जळाला. त्याच पावसाळ्यात दुभती म्हैस गेली. दिवाळीला वडील जिन्यावरून पडले, ते उठलेच नाहीत. आई म्हणाली, पांढरे पाय आहेत, या पायांनी लक्ष्मी बाहेर गेली. एकदाच म्हणाली. मग तिला म्हणावं लागलं नाही, गाव म्हणायला लागलं. तेव्हापासून कुणाची वास्तुशांत असो, बारसं असो, आधी चौघं पुढे जाऊ द्यायची आणि मग मागून आत शिरायचं. कुणी बोलावलं नाही तर जायचंच नाही. तुमच्या दारात पहिलं पाऊल पडलं ते न कळून पडलं. कळलं असतं तर जिन्यावरून वाडगा दोरीनं खाली सोडला असता.”

लिएननं ते सगळं तिला सांगितलं. आजी पान चघळत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “याला किती वर्षं झाली?”

“पंचवीस-सव्वीस.”

“आणि ते अजून तेच पाऊल?”

“हो.”

“एका पावलाला पंचवीस वर्षं?” आजी झोळीतून पुढे वाकली. “आमच्याकडे पाऊल एका वर्षाचं असतं. चांगलं असो, वाईट असो. टेट आला की जुनं पाऊल पुसलं, नवं पाऊल आलं. तुमच्याकडे पुसत नाहीत? एकदा पडलं की पडलंच?”

गणित शिकवणाऱ्या माणसाला एवढी साधी वजाबाकी कधी सुचली नव्हती.

आजी हसायला लागली होती, पण मधेच थांबली. तिचा चेहरा उतरला. मग तिनं लिएनला काहीतरी सांगितलं, थोडक्यात. लिएननं तिच्याकडे बघितलं, परत विचारलं. आजीनं मान हलवली. लिएन उठली आणि आत फोनकडे धावली.

“काय झालं?” मी विचारलं.

आतून लिएनचा आवाज आला, हसतानाचा की रडतानाचा कळेना. “डा नांगला फोन लावतेय, थाय! आजी म्हणते, तिचं पाऊल कधीच संपलं. संध्याकाळच्या आत ये म्हणावं.”

ती आली. संध्याकाळच्या बसनं, हातात कलिंगड घेऊन. दारात अडखळली, तर आजीनं दंडाला धरून आत ओढली. आणि मला दम भरला, “पुढच्या टेटला सकाळी लवकर यायचं. विन्ह शेठला मी सांगणार नाही. लाडू आणायचे, पण हुंगला दाखवायचे नाहीत.” आम्ही तिथं होतो तितके टेट त्या घरातलं पहिलं पाऊल आमच्याच खोलीतून उतरलं. एका वर्षी मासा कमी मिळाला, तर आजी म्हणाली, पुढल्या वर्षी बघू. बस. हे असं माझ्या या पायांनी व्हिएतनाम जिंकलं. तुम्ही नाही विश्वास ठेवणार, ते मी आधीच सांगितलं होतं.

मी पाय आखडून घेतले. गच्चीच्या दारात इंदू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधी आली कळलं नाही.

मुक्तानं कुरडयांच्या डब्याचं झाकण लावलं.

“काका, होडी हातभर उडाली, ते मी मानलं,” ती म्हणाली. “बुलबुलांनी चौकशी केली, तेही मानलं. पण शेवटची ही थाप आहे. तुम्ही त्या घरात जन्मलात. जन्मलेल्या मुलाला ‘घरात पाऊल टाकलं आणि म्हैस गेली’ असं कुणी म्हणतं का? असं सुनेला म्हणतात. पुरुषांच्या पायांना पायगुण नसतो हो, नुसत्या चपला असतात.” तिनं उठून इंदूच्या हातातला ट्रे घेतला. “पाणी उपसलंत ते तुम्ही, रडलात ते तुम्ही. पण ते पाऊल, कुरुंदवाडचंही आणि आजीच्या दारातलंही, काकूंचं होतं.”